जरा सरकून विचारा

खिल्लारे सरांनी एकच प्रश्न त्याच शब्दांत दुसऱ्यांदा विचारलेला मी कधी ऐकला नाही. आपण सगळे विचारतो. समोरच्याचं बोलणं कळलं नाही की "काय?" म्हणतो, मग जरा मोठ्यानं "काय?" म्हणतो, आणि तिसऱ्यांदा कपाळाला आठ्या घालतो. सर तसं करत नसत. उत्तर नीट आलं नाही की ते खुर्ची इकडची तिकडे सरकवत आणि तेच दुसऱ्या बाजूनं विचारत. या सवयीचा मला आधी वैताग यायचा. पुढे ती मलाच लागली. आता घरात मी तशी बोलायला लागले की नवरा म्हणतो, "आले तुझे खिल्लारे सर."

आमची पहिली भेट परभणीतल्या एका बी-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर झाली. पुण्यातली नोकरी सोडून मी लग्नानंतर इथे आले होते. नवरा इथल्या एका कॉलेजात शिकवतो. फ्लॅश मेमरीचं, म्हणजे संगणकातल्या साठवणीचं काम करणारी एक खोली परभणीत आहे असं कुणी सांगितलं, तेव्हा मला ती थट्टाच वाटली होती. वर गेले तर खरंच खोली होती. पत्र्याचं छत, चार टेबलं, आणि खिडकीत बसवलेला एक कूलर, जो डेपोतून निघणाऱ्या एसटीसारखा घरघरत होता. पुण्याचे मॅनेजर निंबाळकर स्क्रीनवरून मुलाखत घेत होते. त्यांनी काही विचारलं, मी उत्तर दिलं, ते म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा म्हणाले, "पुन्हा सांगा." कोपऱ्यात पन्नाशीकडे झुकलेला, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेला एक माणूस बसला होता. तो उठला, त्यानं कूलर बंद केला, माइक माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, लांबलचक ऱ्हाऊ द्या. हे काम तुमाला येतंय का शिकावं लागंल?"

"शिकावं लागेल," मी म्हणाले.

"झालं. कळलं त्यांना." तो पुन्हा जाऊन कूलरचं बटण दाबून बसला. हे प्रल्हाद खिल्लारे. त्या खोलीचे प्रमुख ते होते हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

काम काय होतं ते सांगायला हवं, त्याशिवाय सर कळायचे नाहीत. आपल्या फोनमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये, नव्या लॅपटॉपमध्ये जे काही जपलेलं असतं, ते अगदी बारीक घरांमध्ये विजेच्या रूपात भरून ठेवलेलं असतं. कोणत्या घरात किती वीज आहे त्यावरून तिथं काय लिहिलंय ते ठरतं. पण ही वीज झिरपते. घर वापरून जुनं झालं, गरम झालं, की ती ठरल्या खुणेवर राहत नाही, आणि वाचताना चुका येतात. त्या सुधारणारं गणित ड्राइव्हच्या पोटातच असतं आणि बहुतेक वेळा ते निमूट आपलं काम करतं. चुका फारच झाल्या की मात्र ते हात टेकतं. मग ड्राइव्ह वीज मोजायची आपली खूण थोडी खाली सरकवून पुन्हा वाचतो, जमलं नाही तर आणखी खाली, मग वर. तेवढा वेळ स्क्रीन गोठलेली असते आणि माणूस माउस आपटत बसतो. हा गोठलेला वेळ कमी करायचा, एवढंच आमचं काम. ड्राइव्ह बनवणारे दुसरे, विकणारे तिसरे. आतला हा वाचायचा आणि सुधारायचा प्रोग्राम पुण्याच्या कंपनीचा, आणि तो उलटापालटा करून तपासणारे परभणीचे आम्ही.

हे काम रुक्ष आहे. दिवसभर ड्राइव्हवर लिहायचं, वाचायचं, किती वेळ लागला ते पाहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. सर ते वर्षानुवर्षं करत आले होते. पुण्यात असताना त्यांनी नाव कमावलं होतं, आणि ते गावी परतायला निघाले तेव्हा त्यांना सोडायला कंपनी तयार नव्हती म्हणूनच ही खोली निघाली होती. त्यांच्याकडे कधी उत्साह असा दिसला नाही. चुडाव्याहून सकाळच्या गाडीनं यायचे, टेबलावर डबा ठेवायचे, चष्मा पुसायचे, आणि कालचं काम जिथं सोडलं होतं तिथून उचलायचे. चुडाव्याचं स्टेशन म्हणजे गाडीनं मिनिटभर थांबून निघून जायचं ठिकाण. तिथून रोज येणं-जाणं करून माणूस शिणतो. सर शिणलेलेच असत, पण शिणल्याची तक्रार करायची फुरसत त्यांना नसायची.

आकडे घेऊन गेलं की ते आधी सर्वांत खालची ओळ बघायचे. मी एकदा कौतुकानं म्हणाले, "सर, सरासरी वेळ किती कमी आलाय बघा."

"सरासरीत कुनी ऱ्हात न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "ज्याचं अडकलं त्याचं किती वेळ अडकलं, ते सांगा. बाकीच्यांचं चाललंच हाय की."

चुकांवर ते कधी चिडत नसत, ना ड्राइव्हच्या, ना आमच्या. "चूक तर व्हनारच. जुनं झालं की लयच व्हनार. तिला निस्तरायला आपन किती वेळ लावतो, तेवढंच आपल्या हातात हाय." आणि कुणी एकच टेस्ट पुन्हा पुन्हा तशीच चालवायला लागलं, की मागून शांत आवाज यायचा, "तसंच परत विचारलं तर तसंच परत येनार. जरा सरकून विचारा."

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला तक्रार आली. आमचा प्रोग्राम असलेले ड्राइव्ह घेणारी एक कंपनी दवाखान्यांसाठी मशीन बनवायची. पेशंटच्या उशाशी ठेवायचं, नाडी आणि श्वास दाखवणारं, मागची नोंद उघडून बघता येणारं. मराठवाड्यातल्या आणि तेलंगणातल्या लहान लहान दवाखान्यांतून तक्रारी येत होत्या, की मशीन मधूनच गोठतं. नर्स मागची नोंद उघडते आणि उभी राहते. बंदही पडत नाही, चालतही नाही. पुण्यात महिनाभर तपासलं, एकदाही गोठलं नाही. आम्ही तपासलं, आमच्याकडेही नाही. निंबाळकरांनी स्क्रीनवरून सांगितलं, की उन्हाळा संपायच्या आत कारण सापडलं नाही तर गिऱ्हाईक जाईल, आणि मग परभणीची खोली चालवणं परवडायचं नाही. सगळ्यांना पुण्याला यावं लागेल.

आमच्यापैकी कुणाला पुणं आवडत होतं, कुणाला नव्हतं. मी स्वतः नवऱ्याशी भांडले असते आणि शेवटी काहीतरी मार्ग काढला असता. सर मात्र त्या दिवशी डबा न उघडता बसून राहिले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझा बा पुण्यात बोलत न्हाई, मॅडम." याचा अर्थ मला बुद्धपौर्णिमेला कळला.

बुद्धपौर्णिमेला सुशीलावहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, आम्हा नवराबायकोला खिरीला बोलावलं होतं. स्टेशनपासून चालत दहा-एक मिनिटांवर घर. दारासमोरून रूळ दिसतात. दारात बाजेवर सरांचे वडील, केरबा, बसले होते. रेल्वेत गँगमन होते ते. हातोडा खांद्यावर टाकून पूर्णा ते चुडावा रूळ चालत त्यांचं आयुष्य गेलं आणि त्या पगारावर मुलगा इंजिनिअर झाला. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना लकवा झाला होता. उजवा हात गेला आणि बोलणं विस्कटलं. शब्द यायचे, पण भलतेच, अर्धे, एकमेकांत घुसलेले.

आम्ही बसलो असताना ते काहीतरी म्हणाले. वहिनींनी विचारलं, "पानी पाहिजे का?" त्यांनी नाही अशी मान हलवली, पुन्हा काहीतरी म्हणाले. "पानी का? पानी?" वहिनींचा आवाज चढला. त्यांनी पेला आणून तोंडाशी धरला. केरबांनी तो डाव्या हातानं झटकला आणि पाणी माझ्या नवऱ्याच्या पँटवर सांडलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. सर आतून हात पुसत आले. बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले. वडील जिकडे बघत होते तिकडे बघितलं.

"बा, घरातलं का भाइरचं?"

केरबांनी हात बाहेर केला.

"गाडी का?"

मान हो म्हणून हलली.

"आज उशीर हाय तिला. नांदेडकडनंच उशिरा सुटली. येती आता."

म्हातारा शांत झाला. थोड्या वेळानं गाडी खरंच आली, आणि ती जाईपर्यंत कुणी काही बोललं नाही. वहिनी मला आत म्हणाल्या, "मी दिवसभर इथं असते बाई, तरी मला न्हाई उमगत. हे आले की त्यांचं तोंड उघडतंय. उपचाराला पुण्याला नेलं होतं तवा महिनाभर बोलायचेच बंद झाले. हे सकाळी ऑफिसात, आन मी बेजार. फ्लॅटच्या खिडकीतनं समोर दुसऱ्याची खिडकी. बोलायचं कशाबद्दल?"

परतताना सर आम्हाला स्टेशनवर सोडायला आले. मी म्हणाले, "तुम्हाला कसं कळतं हो?"

"काल याच वक्ताला गाडीचंच होतं. मग आज तिथूनच सुरू करायचं. न्हाई जमलं तर बाजूला सरकायचं. रोज पहिल्यापासून विचारत बसलं तर त्यो बी दमतो आन आपन बी." फलाटावर उकाडा होता. ते रुमालानं मान पुसत म्हणाले, "मी पुण्याला गेलो तर ह्याला कोन वाचील?"

इथे आमच्या कामाची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यात अडकलं होतं. परभणीच्या उन्हाळ्यात शहाणा माणूस सकाळच्या गारव्यात कामं उरकतो. एक वाजला की बाजारात शटर अर्धी खाली येतात, रिक्षावाले लिंबाखाली आडवे होतात, आणि चारपर्यंत गाव पडून राहतं. आमचंही तसंच होतं. पहाटेच येऊन कूलरसमोर ड्राइव्हवर लिहायचं, लगेच वाचून घ्यायचं आणि बारा वाजता कुलूप लावून घरी. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. जन्मापासून अंगात मुरलेलं होतं. आणि पुण्याच्या लॅबमध्ये बारा महिने चोवीस तास एसी. तिथं तर दुपार होतच नाही.

पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल. केरबांना रात्रभर ताप होता. सरांची सकाळची गाडी चुकली, दुसरी रखडत आली, आणि आम्ही कुलूप लावायच्या बेतात असताना ते माडी चढून वर आले. चेहरा उतरलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. मी सकाळी ड्राइव्हवर लिहून ठेवलं होतं, ते वाचायचं त्यांच्याकडे होतं. तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी, तिनंही थोड्या वेळात मान टाकली. मी म्हणाले, "सर, घरी जा. उद्या बघू."

"घरी झोप न्हाई. इथं तरी पडतो जरा," असं म्हणून ते बाकावर आडवे झाले.

लाइट आली तेव्हा ऊन अगदी भरात होतं. कूलर लावायलाही न उठता त्यांनी मशीन चालू केलं आणि वाचायला लावलं. मला फोन आला. जेवून नुकतीच पडले होते.

"मॅडम, अडकलं," ते म्हणाले. आवाजात आनंद वगैरे काही नव्हता. "लय छान अडकलंय."

तोंडाला ओढणी गुंडाळून मी स्कूटीवर गेले. त्या वेळी परभणीच्या रस्त्यावर मी आणि एक रिकामा टँकर, एवढेच होतो. वर खोली भट्टीसारखी तापली होती. सर बनियनवर बसले होते आणि स्क्रीन गोठून उभी होती. एक नोंद उघडत होती, थांबत होती, पुढची उघडत होती, पुन्हा थांबत होती. मी कूलर लावायला गेले तर त्यांनी हात धरून थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या. आपन सगळे येडे हाव, मॅडम. सावली धरून टेस्ट करायलाव."

तेव्हा कळलं ते असं. ड्राइव्ह चालू असताना कुठल्या घराची खूण किती सरकली आहे ते हळूहळू शिकत असतो, त्यामुळे पहिल्या फटक्यात बरोबर वाचतो. पण लाइट गेली की शिकलेलं सगळं विसरतो. परत चालू झाला की कारखान्यातल्या मूळ खुणेपासून सुरुवात करतो. त्यात सकाळच्या गारव्यात लिहिलेलं दुपारच्या तापात वाचायचं म्हणजे खुणा आणखीच हललेल्या. मग प्रत्येक नोंदीला तीच रडकथा. वाच, चुकलं, सरकव, वाच, चुकलं, सरकव. पुण्यात लाइट जात नव्हती, आणि आम्ही दुपारी घरी झोपत होतो. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र लाइटही जाते, दुपारही होते, आणि नर्सला घरी जाता येत नाही.

निंबाळकर फोनवर म्हणाले, "परभणीत लाइट जाते हा आपला प्रॉब्लेम कसा?"

पुण्याशी सर पुस्तकी बोलायचे. "साहेब, ती मशीन तुमच्या लॅबमध्ये विकली जात नाहीत. जिथं लाइट जाते तिथंच विकली जातात," ते म्हणाले. निंबाळकरांनी सगळे आकडे पाठवायला सांगितले. खोली वाचली असं आम्हाला वाटलं. मी घरी जाताना आइस्क्रीम घेऊन गेले.

पुढचा पावसाळा सगळा दुरुस्तीत गेला, आणि तो पावसाळा आठवला तरी मला जांभई येते. शिकलेल्या खुणा लाइट गेल्यावरही टिकतील अशा जागी लिहून ठेवायच्या, ही गोष्ट सोपी. पण सारखं लिहीत राहिलं तर ती घरंच झिजतात. लिहून झिजणारी वस्तू आहे ही. म्हणून कधी लिहायचं, किती थोडं लिहायचं, हा वाद. लिहिताना किती गरम होतं आणि वाचताना किती आहे ते बघून सुरुवातीची खूण किती सरकवायची, हा दुसरा वाद. एक भोक बुजवलं की दुसरीकडून गळायला लागायचं. आमच्यातले दोघं नोकरी सोडून गेले. सर रोज त्याच गाडीनं येत राहिले. कधीकधी बोलता बोलता त्यांचा डोळा लागायचा, आणि जागे झाले की वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढे बोलायचे.

एके दिवशी मी म्हणाले, "सर, हे तुम्ही घरी करता तेच आहे. जिथं काल जमलं तिथून सुरू करायचं." मला वाटलं, मी फार मार्मिक काही बोलले.

ते चष्म्यावरून बघत राहिले. "उगं काय बी जोडू नका, मॅडम. हे माझ्या आधी कितीतरी लोकांनी लिहून ठेवलंय. बाचं बाच्या जागी हाय, ड्राइव्हचं ड्राइव्हच्या जागी." आणि थोड्या वेळानं, स्क्रीनकडे बघतच, "ड्राइव्ह बदलून मिळतो."

दिवाळीच्या आधी ते जमलं. दवाखान्यांच्या तक्रारी थांबल्या. पुण्याहून मिठाईचे पुडे आले, निंबाळकरांनी सगळ्यांसमोर सरांचं नाव घेतलं. आणि त्याच बैठकीत, अगदी आनंदानं, सांगितलं की कंपनीनं एक तापवायची पेटी विकत घेतली आहे. कपाटाएवढी. तिच्यात ड्राइव्ह ठेवायचा, हवा तेवढा तापवायचा, गार करायचा, हवी तेव्हा वीज तोडायची. परभणीत जे दिसलं ते आता पुण्यातच रोज बघता येईल. तेव्हा वेगळी खोली ठेवायचं कारण उरत नाही. सरांना बढती, पुण्यात.

मी सरांकडे बघितलं. ते हसले. मनापासून हसले असं मला वाटतं. "आपली दुपार विकत मिळायली बगा, मॅडम," ते हळूच म्हणाले.

मला फार राग आला. अजूनही येतो. ज्या माणसानं आजारी बापाच्या उशाशी रात्र काढून, तापल्या खोलीत आडवं पडून तुमचं गिऱ्हाईक वाचवलं, त्याला तुम्ही त्याच बापापासून उचलून नेणार, आणि वर पेढे देणार. मी निंबाळकरांना फोन करून हे सगळं सुनावलं. ते वाईट माणूस नव्हते. "मी बोलून बघतो," म्हणाले. पण वरून नकारच आला. सरांनी बढती नाकारली आणि राजीनामा दिला. खोली रिकामी करायच्या दिवशी त्यांनी कूलर तेवढा मागून घेतला, टेम्पोत घातला आणि चुडाव्याला नेला. मला म्हणाले, "बाला पत्र्याखाली लय गरम व्हतंय."

त्यानंतर ते पूर्णेला एका शिकवणीत पोरांना गणित शिकवायचे, दुपारपर्यंत घरी परतायचे. मला परभणीतच एका कॉलेजात काम मिळालं. फोन व्हायचा अधूनमधून. ड्राइव्हचा विषय मी काढला तर ते ऐकून घ्यायचे, आपणहून कधी काढायचे नाहीत. आवाज थकलेला, पण जुन्या नोकरीतल्यासारखा कोरडा नव्हता. मागे केरबांचा आवाज यायचा, आणि सर फोन बाजूला धरून काहीतरी उत्तर द्यायचे.

केरबा या फेब्रुवारीत गेले. मला उशिरा कळलं. मी गेले तेव्हा आठवडा उलटून गेला होता. बाज दारातच होती, तिच्यावर गोधडी घडी करून ठेवलेली. सर भिंतीला टेकून खाली बसले होते, दाढी वाढलेली. वहिनींनी मला खुणेनं सांगितलं, की बोलत नाहीत. मी बसले. निंबाळकरांचा मला फोन आला होता, की खिल्लारे आता येतील का, जागा आहे. तेच मी विचारलं.

"सर, आता पुण्याला जाता का? ते बोलावतायत."

ते रुळांकडे बघत राहिले. त्यांना ऐकू गेलं नसेल असं समजून मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, "पुण्याला जाता का, सर?"

काही नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. मी तिसऱ्यांदा तेच विचारणार होते. तोंड उघडलंही होतं. मग उठले, समोरची जागा सोडून त्यांच्या शेजारी, त्याच भिंतीला टेकून बसले. ते बघत होते तिकडे बघितलं. रुळांवर ऊन पडलं होतं, दुसरं काही नव्हतं.

"सर, जेवलात का?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा मोडला. पन्नाशी ओलांडलेला माणूस हुंदके देऊन रडताना मी प्रथमच बघत होते. "ताट वाढती ही. बसतो. घास जात न्हाई. ह्याला भरवून मग खायची सवय लागली हो, मॅडम."

मीही रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही. वहिनींनी डोळे पुसले आणि न विचारता तीन ताटं आणली. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आम्ही तिघं बाजेशेजारी जमिनीवरच बसलो. सरांनी पहिला घास हातात घेतला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. आम्हाला कुठं जायची घाई नव्हती.

मग त्यांनी तो खाल्ला. दुसरा खाल्ला. पाणी प्याले. बऱ्याच वेळानं, ताटाकडे बघत म्हणाले, "शेवटच्या दोन महिन्यांत मला एकदा बी परत विचारावं लागलं न्हाई. त्यो तोंड उघडायचा आन मला कळायचं. एकदा बी न्हाई."

नांदेडकडून गाडी आली. ती जाईपर्यंत आम्ही गप्प होतो. मग सरांनी वहिनींकडे ताट सरकवलं आणि अजून अर्धी भाकरी मागितली.